मास्तरांचा ताप

“जागा होते. माणूस आत आला की जागा होते.”

डहाणूहून तलासरीमार्गे उधव्याला जाणारी सकाळची एस.टी. दारापर्यंत भरलेली असायची. खाली एखादी पोटुशी बाई किंवा काठी टेकत आलेला म्हातारा ‘चढू की नको’ करत उभा असायचा. आमचे कंडक्टर दारातून अर्धे बाहेर वाकायचे, हे वाक्य म्हणायचे आणि हात पुढे करायचे. माणूस आत यायचा, आणि जागा व्हायची. कशी व्हायची, ते रोज त्याच गाडीत उभं राहूनही मला कळलं नाही.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यांना नाव होतं, छातीवर बिल्लाही होता, पण त्या रस्त्यावर त्यांना मास्तर याशिवाय कुणी दुसरी हाक मारलेली मी ऐकली नाही. पन्नाशीला आलेले, काळेसावळे, आखूड बांध्याचे. सायवनजवळच्या एका पाड्यावर त्यांचं घर होतं. धाकटी डहाणूच्या मासेवाल्या चढल्या की त्यांच्याशी त्यांच्या बोलीत भांडायचे, भिलाडला कामाला जाणाऱ्यांना ‘आगळ चालो, आगळ चालो’ म्हणत गुजरातीत पुढे ढकलायचे, पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांची मात्र घरच्यासारखी विचारपूस करायचे. आणि माझ्यासारख्या नोकरदार बायकांशी एकदम छापील मराठी. “मॅडम, आपली पर्स कृपया मांडीवर घ्यावी.” असं बोलून झालं की स्वतःच हसायचे.

तलासरीच्या एका लहानशा दवाखान्यात मी तेव्हा एक्स-रे काढायचे. साधारण दोन हजार सोळा साल असावं. आमच्या भागात एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून मी फोटोवाल्या बाई. मास्तरांना या गोष्टीची मोठी गंमत वाटायची.

“बाई, तुम्हाला माणसाच्या आतलं दिसतं ना?”

“दिसतं थोडंफार.”

“मग तो शेवटच्या बाकावरचा खरंच झोपलाय का सोंग करतोय, तेवढं बघून सांगा. इथं आजी उभ्या आहेत.”

सगळी गाडी हसायची, आणि शेवटच्या बाकावरचा डोळे चोळत उठायचा.

त्यांची आणखी एक लकब होती. तिकिटं फाडून झाली की, म्हणजे मशीनमधून काढून झाली की, ते मधल्या लोखंडी दांड्याला पाठ लावायचे आणि म्हशीनं झाडाला अंग घासावं तशी हळूहळू घासायचे. डोळे मिटलेले. “आमच्या पगारात ही दुखणी फुकट मिळतात,” म्हणायचे. तुम्ही पाहिलंच असेल, एस.टी.त आयुष्य काढलेल्या माणसाची पाठ दुखते यात कुणाला काही विशेष वाटत नाही. डॉक्टरांना वाटत नाही, त्याच्या बायकोला वाटत नाही, आणि त्याला स्वतःला तर मुळीच नाही.

त्या वर्षी गणपतीनंतर मास्तरांना ताप आला.

पाऊस सरता सरता आमच्याकडे घरटी एक तापकरी असतोच. बाजारातल्या डॉक्टरनं मलेरिया बघितला, टायफॉईड बघितला, सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि मास्तर पुन्हा गाडीवर आले. आठवडाभरात परत चढला. या खेपेला अंगात इतकी थंडी भरली की उधव्याच्या थांब्यावर दोघांनी त्यांना धरून खाली उतरवलं. भर उन्हात त्यांचे दात वाजत होते. परतीच्या फेरीला त्याच गाडीनं त्यांना तलासरीला आमच्या दवाखान्यात आणलं. प्रवासी आपापल्या थांब्यावर न उतरता त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आले होते.

आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई होत्या, तापाच्या आजारांच्या. कमी बोलणाऱ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी औषध सुरू करण्याआधी मास्तरांच्या दोन्ही दंडांतून रक्त घेतलं आणि बाटल्या वापीच्या लॅबला पाठवल्या. त्या बाटलीत जंतूंना खायला घालतात. रक्तात ते असतील तर वाढतात, नसतील तर बाटली जशीच्या तशी राहते. मास्तरांची बाटली एका रात्रीत गढुळली.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या बायकोला समोर बसवलं. काळी, उंच, हाडापेराची बाई. आम्ही सगळ्या त्यांना वहिनी म्हणायचो.

“रक्तात जंतू सापडलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण जंतू रक्तात घर करत नाहीत, वहिनी. रक्त हा त्यांचा रस्ता. घर दुसरीकडे असतं. ते शोधलं नाही तर औषधानं रस्ता साफ होईल, आणि औषध थांबलं की घरातून पुन्हा बाहेर पडतील.”

मास्तर पडल्या पडल्या ऐकत होते. “म्हणजे डेपो शोधायचा,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई क्वचितच हसायच्या. तेव्हा हसल्या.

मग शोध सुरू झाला. पहिला नंबर माझा. मी छातीचा फोटो काढला. फुप्फुसं स्वच्छ, धुतलेल्या पाटीसारखी. ठरलेल्या वारी सोनोग्राफीचे डॉक्टर यायचे, त्यांनी पोट तपासलं. यकृतात गाठ नाही, मूत्रपिंडात पू नाही, पित्ताशय ठीक. “थंडगार चिकट लावून गुदगुल्या करतात आणि वर म्हणतात हलू नका,” मास्तरांची तक्रार. मग त्यांना वापीला नेऊन हृदयाची सोनोग्राफी केली. कधीकधी जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतात आणि प्रत्येक ठोक्याबरोबर रक्तात सुटत राहतात. झडपा चांगल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी दात बघितले, कानामागं बघितलं, पायाच्या बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या. काही नाही.

पाठीचा फोटोही मीच काढला. मणके वयाप्रमाणे झिजलेले, कडांना थोडी शिंगं फुटलेली. गाडीत बसून बसून होतं तसं. त्यापलीकडे काही नव्हतं, आणि तेव्हा दिसण्यासारखं काही नव्हतंच. हाड बरंचसं खाल्लं जाईपर्यंत एक्स-रेला त्याचा पत्ता लागत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मास्तरांना सांगायची तेव्हा वेळ आली नव्हती.

शिरेतून औषधं चालू राहिली, ताप गेला. डॉक्टरीणबाईंना घरी सोडायचं नव्हतं, पण मास्तर ऐकेनात. सुट्टी संपली होती आणि त्यांना पडून राहायची सवय नव्हती. दिवाळीच्या गर्दीत ते पुन्हा दारात उभे राहिले. गाल आत गेलेले, शर्ट खांद्यावरून घसरत होता. हात तेवढा तसाच पुढे येत होता. दांड्याला पाठ घासणं मात्र त्यांनी सोडलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, “आता तिथं हात लावला तरी ठणकतं, बाई. वय झालं.”

थंडी पडली आणि ताप पुन्हा आला.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना पालथं झोपवलं आणि मानेपासून खाली एकेका मणक्यावर मूठ आपटत गेल्या. मी फिल्म द्यायला वॉर्डात गेले होते, म्हणून हे पाहिलं. मास्तर उशीत तोंड खुपसून थांबे पुकारल्यासारखे बडबडत होते. “हा कासा... हा सायवन... अजून खाली, अजून खाली...” कंबरेच्या जरा वर मूठ पडली आणि बडबड थांबली. ते ओरडले नाहीत. पलंगाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली, इतकंच. डॉक्टरीणबाईंनी मूठ तिथंच ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

“एमआरआय,” त्या म्हणाल्या. “आजच्या आज.”

एमआरआय वापीला. अॅम्ब्युलन्समध्ये वहिनींच्या सोबतीला मी गेले, कारण तिथल्या मशीनवरचा मुलगा माझ्या ओळखीचा होता आणि वहिनींनी माझा पदर सोडला नव्हता. वाटेत अच्छाडच्या नाक्याजवळ ट्रकांची रांग होती. मास्तर छताकडे बघत होते. म्हणाले, “बाई, डावा पाय झोपलाय. मघापासून उठवतोय, उठत नाही.”

मी चादरीतून त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा दाबला. “लागतंय का?”

“कुठं दाबलंत?”

वहिनींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर हात आपटू लागल्या.

एमआरआयच्या खोलीत लोखंड चालत नाही. कमरेचा करगोटा काढला, गळ्यातला ताईत काढला. मास्तर त्या बोगद्यात गेले. आतून ते मशीन ठोकल्यासारखे आवाज काढतं, माणसं घाबरतात. पण मधल्या विश्रांतीत माईकवरून मास्तरांचा आवाज आला, “गिअर पडत नाहीये तुमचा. क्लच बघा.” काचेच्या अलीकडे आम्ही दोघं हसलो.

मग पडद्यावर पाठीचा कणा आला.

एक्स-रेमध्ये सावली दिसते. इथे माणूस उभा चिरून ठेवल्यासारखा दिसतो. मणके एकावर एक ठेवलेले, त्यांच्यामध्ये गाद्या, आणि मागून वाहणारी मज्जेची दोरी. कमरेच्या जरा वर दोन मणक्यांमधली गादी नव्हतीच. तिच्या जागी पांढरंफटक काहीतरी चमकत होतं. वरच्या आणि खालच्या मणक्याचा काठ कुरतडलेला. आणि तिथून तो पांढरेपणा मागे सरकून मज्जेच्या दोरीवर रेलला होता. दोरी चेपून एखाद्या फितीसारखी झाली होती.

“सापडलं,” मशीनवरचा मुलगा म्हणाला.

आणि मला आनंद झाला. एवढ्या महिन्यांत ज्याला आम्ही शोधत होतो ते शेवटी समोर होतं, बोट ठेवावं इतकं स्पष्ट. तो आनंद किती वेळ टिकला, सांगता येणार नाही. पडद्याच्या पलीकडे काचेतून मास्तरांचे दोन पाय दिसत होते. उजवा मधूनमधून हलत होता.

बाहेर वहिनी उभ्याच होत्या.

“गावलं का, बाय?”

“गावलं, वहिनी. पाठीत पू झालाय.”

“मग आता काढतील ना?” त्यांचा चेहरा उजळला होता. “गावलं म्हणजे काढतील.”

रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरीणबाईंनी फोनवरूनच सांगितलं, थेट मुंबईला न्या. तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी त्यांची पाठ उघडली आणि पू काढला. तोवर उजवा पायही हलेनासा झाला होता. मग कित्येक आठवडे शिरेतून औषध. तेच जंतू निघाले, पहिल्या बाटलीत होते तेच. ते अंगात मुळात शिरले कुठून, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मानेवरचं एखादं फोडलेलं केस्तूड असेल, टाचेची भेग असेल. एवढ्याशा वाटेनंही ते येतात.

शिमग्याच्या सुमाराला मास्तर परत आले. रस्ता संपतो तिथं अॅम्ब्युलन्स थांबली आणि भाऊबंदांनी चादरीची झोळी करून त्यांना पाड्यावर चढवलं.

मी एका रविवारी भेटायला गेले. कुडाच्या भिंतींचं घर, मधोमध कुणीतरी दिलेली जड लोखंडी कॉट, तिच्यावर मास्तर. कमरेच्या वरचं अंग पूर्वीसारखं भरत चाललं होतं. कमरेखाली चादर सपाट.

“ताप गेला, बाई,” ते म्हणाले. “जाताना पाय घेऊन गेला.”

हे त्यांनी आधीही बऱ्याच जणांना सांगितलं असणार, कारण सांगताना ते माझ्या हसण्याची वाट बघत थांबले. मला हसता आलं नाही. मग त्यांनी विषय बदलला. गाडीवर आता कोण आहे, दाराची कडी दुरुस्त झाली का, उधव्याच्या बाजाराच्या दिवशी जादा गाडी सोडतात का. मी सांगत गेले. नवा कंडक्टर चांगला मुलगा आहे म्हटल्यावर त्यांनी दुसरीकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती. दर दोन तासांनी कूस बदला. रात्रीसुद्धा. ज्या अंगाला कळत नाही, ते एका जागी दबून राहिलं की सडतं. वहिनींनी ते केलं. होळी गेली, उन्हाळा गेला, त्या एकट्या त्या देहाला फिरवत राहिल्या. लग्न झालेली मुलगी उंबरगावहून येऊन महिनाभर राहिली, तेवढाच त्यांना विसावा.

मग पाऊस आला आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली.

“मी नाय गेले तर खायाचं काय, बाय?” वहिनी मला म्हणाल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलाचे होते. “सकाळी फिरवून जाते. दुपारच्याला येते नि फिरवते. मधी कोण हाय?”

मधे कुणी नव्हतं. सगळा पाडा शेतात होता.

त्यांनी चादर बाजूला केली, मला दाखवायला. टाचेवर काळं पडलं होतं. माकडहाडाच्या जागी मूठ जाईल एवढी जखम होती आणि तिच्या तळाशी हाड दिसत होतं. इतकी वर्षं मी माणसांची हाडं फिल्मवर पाहत आले. ते हाड मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. बाहेरचा पावसाळी उजेड त्याच्यावर पडला होता. मास्तरांना काही कळत नव्हतं. ते मला विचारत होते, “चहा घेणार ना, बाई?”

त्यांच्या कपाळाला हात लावला. तापलेलं होतं.

पुन्हा झोळी, पुन्हा उतार, पुन्हा आमचा वॉर्ड. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, मेलेलं मांस काढलं. पुन्हा दोन्ही दंडांतून रक्त घेतलं, पुन्हा बाटल्या गेल्या. पुन्हा गढुळल्या. या वेळचे जंतू वेगळे होते, जास्त हट्टी. औषधं बदलली, मग पुन्हा बदलली. मुंबईला पाठवायचं म्हटलं तेव्हा मास्तरांनी मान हलवली. “आता नाही. आता गाडी इथंच थांबू दे.”

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या पलंगापाशी गेले. श्वास वरवरचा चालला होता, ओठ सुकले होते. मला ओळखलं.

“बाई, या वेळी फोटो नाही काढणार?”

“नको, मास्तर.”

“आणि तो मोठा? वापीचा?”

“तोही नको.”

“का? सापडलं का आधीच?”

मी वहिनींकडे बघितलं. त्या पायथ्याशी बसून त्यांच्या निर्जीव पावलांना तेल चोळत होत्या.

“हो,” मी म्हटलं. “सापडलंय.”

“मग बरं झालं,” मास्तर म्हणाले. “मागच्या वेळी फार हिंडावं लागलं तुम्हाला.”

ते दुपारी गेले. मी माझ्या खोलीत एका पोराच्या छातीचा फोटो काढत होते. “श्वास घे, धरून ठेव, हलू नको,” असं म्हणत होते, तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर दारात येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं, पोराला ‘सोड श्वास’ म्हटलं, आणि मग तिच्याबरोबर गेले.

त्यांना पाड्यावर न्यायला डेपोतली माणसं आली होती, मासेवाल्याही आल्या होत्या. त्या मासे विकून रिकाम्या झालेल्या पाट्या घेऊन तशाच उभ्या होत्या आणि मोठमोठ्यानं रडत होत्या. डॉक्टरीणबाई मात्र आपल्या टेबलाशी बसून राहिल्या. त्यांनी मला विचारलं, “घरी कोण होतं गं वहिनींच्या मदतीला?” मी म्हटलं, “कुणी नाही.” त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

मास्तरांचे दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला सायवनला गेले. पाऊस उघडला होता, भात पोटरीला आलं होतं. घराचं दार उघडं होतं. लोखंडी कॉट बाहेर चिंचेखाली उभी करून ठेवली होती. आत वहिनी गुडघ्यावर बसून जमीन सारवत होत्या.

कॉट फार जड होती. एवढे महिने माणसासकट एका जागी राहून तिच्या चारही पायांनी मातीच्या जमिनीत खळगे पाडले होते. वहिनी बाजूच्या घमेल्यातून माती घेत होत्या, खळग्यात भरत होत्या, तळहातानं ठोकत होत्या. मग वरून शेणाचा हात फिरवत होत्या. तीन भरून झाले होते. चौथ्यापाशी त्या जरा थांबल्या होत्या.

मी पायातल्या चपला काढल्या आणि आत पाऊल टाकणार, तोच त्यांनी मान वर केली.

“आत पाय नको देऊ, बाय,” त्या म्हणाल्या. “ओलं हाय अजून.”

मी उंबऱ्याबाहेर बसले. त्यांनी चौथा खळगा भरला, ठोकला आणि सारवत सारवत माझ्या दिशेनं मागं सरकू लागल्या.